नोव्हेंबरात उठवलेले गुलाब

वेंडेल सुंडवालचं लग्न झालं तेव्हा त्याला गुलाबांतलं काही कळत नव्हतं आणि त्याच्या बायकोला थंडीतलं. ऑर्फा दक्षिणेची, आयोवाकडची. तिकडच्या हिवाळ्याला आम्ही मिनेसोटाची माणसं हिवाळा म्हणत नाही, गारवा म्हणतो. सासरी येताना तिने आईच्या अंगणातलं गुलाबाचं एक रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आणलं. माहेरच्यासारखी बुडाशी मातीचा ढीग घातला आणि निश्चिंत झाली. बर्फ उतरला तेव्हा झाड काळं ठिक्कर. हात लावला की काडीसारखं मोडत होतं. त्या काड्या मांडीवर घेऊन ऑर्फा मागच्या पायरीवर बसून रडली. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त एक गल्ली. मी माझ्या कुंपणाआडून पाहिलं, वेंडेलनेही दारातून पाहिलं. बोलणं हे काम त्याच्याकडून फारसं होत नसे.

तो लोण्याच्या कारखान्यात होता. कामावरून आला की अंगाला ताकाचा आंबूस वास यायचा. बायका म्हणायच्या, ऑर्फाला नवरा नाही मिळाला, ताकाचं मडकं मिळालं. आवाज नाही, पण आतून गार. आमच्याकडे तसंही कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही. 'वाईट नाही' एवढं म्हटलं की समजायचं, सोन्याचं कडं चढवलं. वेंडेल त्याहून चिक्कू. तो नुसता 'हं' करायचा. त्याच्या तोंडून पहिलं 'वाईट नाही' निघालं ते ऱ्होंडा जन्मली तेव्हा, मुलीला फडक्यात गुंडाळलेलं बघून. ऑर्फाने ते मला त्या आठवड्यात दोनदा सांगितलं.

तर त्या काळ्या काड्यांनंतर वेंडेल कुणाला न सांगता गावाच्या टोकाला क्वाम म्हाताऱ्याकडे जाऊ लागला. म्हाताऱ्याकडे गुलाब होते आणि ते दरवर्षी जगायचे. ऑर्फाच्या आईने दुसरं रोप पाठवलं, आणि त्या पानगळीत वेंडेलने ते पहिल्यांदा निजवलं.

आमच्या भागात गुलाब नुसते झाकून भागत नाही, निजवावे लागतात. पाच-सहा वेळा हिव पडू द्यायचं, पानं गळू द्यायची. मग फांद्या गोळा करून सुतळीने घट्ट बांधायच्या, पोरीची वेणी घालावी तशा. एका बाजूला झाडाच्या उंचीएवढा चर खणायचा. मग मुळांखाली दातेरी फावडं घालून माती हळूहळू सैल करायची, आणि झाड मुळासकट चरात आडवं करायचं. वरून माती, मातीवर पाल्याची भरलेली पोती. सुतळीचं एक टोक वर ठेवायचं, म्हणजे एप्रिलात कोण कुठे निजलंय ते कळतं. हे एकट्याचं काम नाही. एकाने वरून डोकं धरायचं, दुसऱ्याने पाय मोकळे करायचे. आणि सगळी मेख एका गोष्टीत आहे. गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर कलम केलेला असतो, त्या सांध्याशी तो काचेसारखा. म्हणून वेंडेलचं एकच वाक्य असायचं, 'वाकू दे ते पायात. कंबरेत नाही.'

वर्षभराचं बोलणं तो त्या एका दिवसात उरकायचा. ऑर्फा डोकं धरून असायची, हा गुडघ्यावर.

"सोडलीस पकड."

"नाही सोडली."

"मग माझ्या डोक्यात काटे कुणाचे शिरले?"

"देवाचे. रविवारी चर्चमध्ये घोरलास ना, त्याचे."

मी माझ्या खिडकीत भांडी घासत ऐकायची. त्या दिवशी माझी भांडी फार लख्ख निघायची.

एकाचे चार झाले, चाराचे अंगणभर झाले. ऱ्होंडा मोठी झाली, शहरात गेली, तिकडेच विम्याच्या कचेरीत लागली. लोण्याचा कारखाना बंद पडला, तिथे आता टायर विकतात. माझा नवरा गेला. दर पानगळीत गुलाब निजत होते, एप्रिलात उठत होते. उठवताना वेंडेल प्रत्येकाची फांदी नखाने खरवडून बघायचा. वरचा वीतभर भाग काळा पडलेला असायचाच, तो कापायचा, आणि 'हं' म्हणायचा. अंगणात कितीही फुललं तरी 'वाईट नाही' गुलाबांच्या वाट्याला कधी आलं नाही.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी आम्ही हसलो. लोण्याची वडी पावाच्या डब्यात आणि पाव फ्रीजमध्ये, हे कुणाच्या घरी होत नाही? मला तो एकदा माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारून गेला. ती जाऊन कैक वर्षं झाली होती. मी ओ दिली, काय बिघडलं? पण एका पहाटे तो कारखान्याच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभा सापडला, आणि टायरवाल्याने त्याला गाडीत घालून घरी आणून सोडलं. ऑर्फा सगळ्यांना सांगायची, कानाने कमी ऐकू येतं हो त्याला, दुसरं काही नाही. आम्ही सगळे म्हणायचो, हो का, कान म्हणजे वाईटच. आमच्या गावात माणसाचं खोटं त्याच्या अंगणाएवढंच त्याचं मानतात, आत पाय टाकत नाहीत.

ऱ्होंडाला मात्र पाय टाकणं भाग होतं. उन्हाळ्याच्या शेवटी तो गाडी घेऊन निघाला आणि तळ्याच्या उतारावर सापडला. पुढची चाकं पाण्यात, वायपर चालू. ऱ्होंडा धावत आली, गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि माझ्यासमोरच आईला म्हणाली, "आई, आता आणखी एक काही झालं ना, तर मी ऐकणार नाही. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात मी नाव घालून ठेवलंय."

"तिथे दारांना बाहेरून कुलपं असतात," ऑर्फा म्हणाली.

"म्हणूनच."

ऑर्फाने टेबल पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं.

त्या पानगळीत निजवायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदाच सूचना ऑर्फा देत होती. वेंडेल फावडं हातात घेऊन चराच्या चुकीच्या बाजूला उभा राहायचा. पण हात एकदा मातीत गेले की हातांना सगळं आठवायचं. गुलाब निजले, पोती चढली, सुतळीची टोकं वर आली. पाठोपाठ थोडा बर्फ पडला आणि वितळून गेला. मग थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात हवा अशी फिरली, की माणसं कोट काढून हिंडू लागली. ऊन पिवळं, गवत तपकिरी, ओली माती, झाडांवर एक पान नाही. आमच्याकडचा एप्रिल अगदी असाच दिसतो.

सोमवारी आम्ही बायका चर्चच्या तळघरात सणासाठी बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्सा, लाटायला जमलो होतो. वेंडेल जेवून खुर्चीत घोरत होता, म्हणून ऑर्फा त्याला ठेवून आली होती. बायकांमध्ये व्हर्डेला म्हणून एक आहे. तिची लेफ्सा चंद्रासारखी गोल आणि जीभ लाटण्याहून लांब.

"ऑर्फा," ती म्हणाली, "इतकी वर्षं आमच्यात काढलीस, तुझी लेफ्सा अजून आयोवाच्या नकाशासारखीच."

"नकाशात खायला जास्त मिळतं," ऑर्फा म्हणाली.

"आणि वेंडेल कसा आहे?"

"मजेत. कानाचं तेवढं."

"हो का. कान म्हणजे वाईटच."

कोपऱ्यात रेडिओ चालू होता. रात्री वारा उत्तरेचा होणार, पहाटेपर्यंत पारा शून्याखाली, आणि मग आठवडाभर तिथेच. व्हर्डेला म्हणाली, संपली मज्जा. आम्ही पीठ झटकलं आणि निघालो.

आम्ही दोघी गल्लीतून सुंडवालांच्या मागच्या अंगणात वळलो आणि ऑर्फा थांबली. मी मागून तिच्यावर आदळले.

गुलाब उभे होते. सगळे. माती झटकून, पाण्याने धुऊन, सुतळ्या कापून, फांद्या मोकळ्या करून. बुडाशी माती पायाने दाबलेली, दरवर्षी दाबायचा तशी. मध्ये वेंडेल, बाह्या सरसावलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाण्याची नळी. त्याला इतकं उजळलेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आलीस? ये, बघ इकडे," त्याने एक फांदी नखाने खरवडून पुढे केली. "हिरवी. टोकापासून बुडापर्यंत. ही बघ, ही पण. एकाचंही टोक काळं नाही. आजवर कधी असं झालं नाही." आणि मग म्हणाला, "वाईट नाही, ऑर्फा. या वर्षी वाईट नाही."

हिरव्या असणारच. निजून महिनाच तर झाला होता.

ऑर्फाने फांदीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "छान उठलेत," ती म्हणाली. "भिजलायस. चल आत, कॉफी ठेवते." त्याला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि तशीच बाहेर आली. चेहरा पिठाने माखलेला होता, त्यामुळे किती पांढरा पडला ते कळलं नाही.

"पाल्याची पोती कुठे गेली?" मी विचारलं.

दोघी रस्त्याकडे धावलो. म्हणजे, आमच्या वयात जे काही होतं ते. कडेला पोती ओढत नेल्याच्या खुणा होत्या, पोती नव्हती. नगरपालिकेचा ट्रक सोमवारीच येतो. वेंडेलने दर एप्रिलसारखी ती कडेला नेऊन ठेवली होती, आणि त्यांनी दर सोमवारसारखी उचलली होती.

"रात्री वारा फिरणार," मी म्हटलं.

"ऐकलं मी रेडिओवर."

"आणि गुरुवारी सणाला ऱ्होंडा येणार."

"एव्हिस, मला सगळं ठाऊक आहे. तू फावडं घे."

आम्ही सुरुवात केली. ती बांधत होती, मी खणत होते. माती सैल होती हेच काय ते नशीब. पहिले दोन-तीन कसेबसे आडवे केले. सूर्य चर्चच्या मनोऱ्याआड गेला तसा गारवा पायांतून चढायला लागला. तेवढ्यात दार उघडलं.

"काय चाललंय?" वेंडेल पायरीवर उभा होता. "एप्रिलात पुरताय त्यांना? डोकं फिरलंय का? एव्हिस, तुझं पहिल्यापासून फिरलेलंच आहे, पण ऑर्फा, तू?"

"उशिराची थंडी येतेय रे. रेडिओवर सांगितलं," ऑर्फा म्हणाली. तसं पाहिलं तर निम्मं खरंच होतं.

"उशिराच्या थंडीला चादर टाकतात. आडवं कोण करतं? कोंबांचे डोळे फुगलेत त्यांचे, मरतील!" तो खाली आला आणि ऑर्फाच्या हातातली सुतळी त्याने हिसकली. ज्या माणसाने उभ्या जन्मात दार आपटलं नाही, त्याने. "सोड! माझे आहेत ते!"

ऑर्फाचा तळवा काट्यांनी फाटला. ती सुतळी सोडेना आणि तोही सोडेना. मला काय करावं कळेना. मी फावडं धरून उभी, चर्चमधल्या पुतळ्यासारखी बिनकामाची.

तेवढ्यात वरून रानहंस गेले. त्यांचा तो गलका आमच्याकडे कुणाला मान वर केल्यावाचून राहू देत नाही. वेंडेलने मान वर केली. मोठी रांग होती, पाण्याच्या टाकीवरून नदीकडे निघालेली. तो शेवटचा हंस दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग तो टाकीकडे वळला, मग मनोऱ्याकडे, मग पुन्हा नदीकडे, वाटेत चुकलेला माणूस चौकात बघतो तसा.

"दक्षिणेला चाललेत," तो म्हणाला.

ऑर्फानेही वर पाहिलं.

"एप्रिलात दक्षिणेला जात नाहीत."

"नाही," ऑर्फा म्हणाली.

"मग आता कोणता महिना?"

"नोव्हेंबर."

त्याने सुतळी सोडली. शेजारी बादली पालथी होती, तिच्यावर बसला. त्या ओल्या, धुतलेल्या, हिरव्या गुलाबांकडे पाहिलं. असं उठणं त्याने जन्मभर पाहिलं नव्हतं, आणि ते खरं नव्हतं.

"हं," तो म्हणाला.

मग तो उठला, माझ्या हातातून फावडं घेतलं आणि म्हणाला, "एव्हिस, तू विहीर खणतेयस. सरक."

तिघांनी मिळून अंधार पडेपर्यंत केलं. त्याच्या हातांत काही चूक नव्हती. मुळं कुठल्या अंगाला वळलीत ते तो बोटांनी चाचपून सांगत होता. पण मुळं एकदा वाकली होती, पुन्हा सरळ झाली होती, आणि आता परत वाकत होती. तंतू तुटल्याचा बारीक आवाज येत होता. शेवटी राहिला तो आयोवाचा, ऑर्फाच्या आईने पाठवलेला, खोड मनगटाएवढं. वारा फिरला होता. बोटांना काही जाणवत नव्हतं. ऑर्फाने घाईत भार टाकला आणि कटकन आवाज झाला.

"कंबरेत," वेंडेल म्हणाला. एवढंच. तिला बोल नाही लावला. मोडलेलं खोड त्याने सांध्याशी जुळवलं, रुमालाने बांधलं आणि हलकेच मातीत ठेवलं.

आता वर काय घालायचं? गावातला पाला ट्रकने नेला होता. ऑर्फा घरात गेली आणि हाताला लागेल ते घेऊन आली. जुनी पोती, वेंडेलचे दोन कोट, गॅरेजमधली ताडपत्री. एवढ्याने पुरेना. मग ती पुन्हा जिना चढली आणि ऱ्होंडाच्या पलंगावरची गोधडी घेऊन आली. वेंडेलच्या आईने शिवलेली, ऱ्होंडाच्या बाळपणच्या कपड्यांचे तुकडे लावलेली. ती आयोवाच्या गुलाबावर पसरली आणि कडेने विटा ठेवल्या.

पायरीवर बसून वेंडेल बुटांचा चिखल काढत होता. खाली बघतच म्हणाला, "ऱ्होंडाला सांगू नका."

"कोण सांगतंय?" ऑर्फा म्हणाली.

माझ्याकडे दोघांनी बघितलं. "मला कानाने कमी ऐकू येतं," मी म्हटलं.

मंगळवारी पहाटे खिडक्यांच्या आतल्या बाजूला बर्फ धरला होता.

गुरुवारी ऱ्होंडा आली. पोर वाईट नाही हो. येताना भोपळ्याची गोड पाई, आईला लोकरी मोजे, बापाला नवी टोपी. मीही दरवर्षी त्यांच्याकडेच जेवायला असते. टर्की ओव्हनमधून निघाली होती, वेंडेल चाकूला धार लावत होता, दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं सरळ. ऑर्फा त्याच्याकडे बघून मनातल्या मनात बटणं मोजत होती, ते मला दिसत होतं. आजचा दिवस निभला की हिवाळा निभला. बर्फाच्या दिवसांत ऱ्होंडाला वरचेवर येणं होत नाही.

ऱ्होंडा पिशवी ठेवायला वर गेली आणि खाली आली.

"आई, माझी गोधडी कुठे आहे?"

"धुवायला दिलीय," ऑर्फा म्हणाली.

"दिलीय? कुणाकडे?"

"व्हर्डेलाकडे. तिचं मशीन मोठं आहे."

"आजीची गोधडी मशीनमध्ये? तूच मला जन्मभर मशीनला हात लावू दिला नाहीस." ऱ्होंडाचा आवाज बदलला. "काय झालंय? एव्हिस, काय झालंय? तुम्ही सांगा."

मी उकडलेले बटाटे कुस्करायला घेतले. ते आधीच कुस्करलेले होते.

"दोन दिवसांत येईल परत," ऑर्फा म्हणाली. "उगाच काय गं..."

"ती गुलाबांवर आहे," वेंडेल म्हणाला.

त्याने चाकू खाली ठेवला होता. "मी गुलाब उठवले, ऱ्होंडा. मला वाटलं एप्रिल आला. पोतीही मीच ट्रकला दिली. तुझ्या आईने आणि एव्हिसने परत निजवले, पण घालायला काही उरलं नव्हतं."

ऱ्होंडाच्या हातात पाण्याचा जग होता, तो तिने टेबलावर ठेवला, फार सावकाश.

"तूच म्हणालास ना सांगू नका म्हणून!" ऑर्फा ओरडली. "तूच! मग कशाला बोललास?"

वेंडेल तिच्याकडे बघून हसला. अलीकडे त्याचं हसू वाट चुकून यायचं, हे नीट घरी आलं होतं.

"तुझी लेफ्साही गोल होत नाही आणि खोटंही होत नाही," तो म्हणाला. "मला किती दिवस बघवणार?" आणि मग माझ्याकडे वळून, "एव्हिस, बटाटे दे इकडे. त्यांनी तुझं काय बिघडवलंय?"

आम्ही जेवलो. सणाचं जेवण टाकून उठायची आमच्यात पद्धत नाही. ऱ्होंडा रडत रडत क्रॅनबेरी वाढत होती आणि वेंडेल तिला विचारत होता, काय गं, कांदा लागला का डोळ्याला? तोवर तो पुन्हा गेला होता, जिथे जायचा तिथे.

फेब्रुवारीत त्याला तळ्याकाठी नेलं. ऑर्फाने भांडण केलं नाही. त्याची बॅग तिने स्वतः भरली, आणि वरती नवी टोपी ठेवली. त्या रात्रीपासून तिच्या स्वयंपाकघराचा दिवा संध्याकाळी लवकर जायचा. मी काही ना काही निमित्त काढून गल्ली ओलांडायची. ती म्हणायची, साखर संपली का पुन्हा? तुला मधुमेह होईल. मी म्हणायची, होऊ दे.

एप्रिलात ऱ्होंडा दोन दिवस आली आणि आम्ही तिघींनी गुलाब उठवले. म्हणजे उकरले. गोधडीत उंदरांनी घर केलं होतं; ऱ्होंडाने तिचा एक न कुजलेला तुकडा कापून खिशात ठेवला. प्रत्येक फांदी ऑर्फा नखाने खरवडायची. तपकिरी. तपकिरी. ती पुढच्याकडे सरकायची. शेवटपर्यंत सरकली, आणि हात झटकून म्हणाली, "चला, कॉफी ठेवते."

मे महिन्यात त्या कंबरेत मोडलेल्या आयोवाच्या बुडातून फूट निघाली. जोमदार, लांब. ऑर्फाने मला ओढत नेऊन दाखवली. मी खाली वाकून पानं पाहिली. पानं बारीक होती, दाट होती. फूट सांध्याच्या खालून आली होती, खुंटातून. कलम मेलं की खुंट डोकं काढतो. झाड जगतं, पण तो गुलाब नसतो. जूनमध्ये फुललं तेव्हा घोसाघोसांनी, टिकलीएवढी पांढरी फुलं. आईच्या गुलाबाचा तो भरलेला लाल रंग नाही, वास नाही.

ऑर्फा त्यातलाच एक घोस वेंडेलला दाखवायला घेऊन गेली. मीही होते. तो खिडकीशी बसला होता, अंगात दुसऱ्याच कुणाचा स्वेटर. ऑर्फाला त्याने ओळखलं नाही. 'बाई, बसा' म्हणाला. तिने घोस त्याच्या हातात दिला. त्याने तो फिरवून पाहिला, देठाची पानं बोटाने मोजल्यासारखी केली.

"हा खुंट आहे," तो म्हणाला. "बुडातून कापून टाका. नाहीतर सगळं खाऊन टाकील."

"बरं," ऑर्फा म्हणाली.

तिने काही तो कापला नाही. उन्हाळाभर तो वाढला, कुंपणावर चढला, माझ्या बाजूला आला. मी माझ्या बाजूचाही कापला नाही.

आता परत पानगळ सरली आहे. परवा सकाळी पाहिलं तर ऑर्फा अंगणात, कोट घालून, हातात सुतळीचा गुंडा आणि भिंतीला टेकवलेलं दातेरी फावडं. खुंटाच्या फांद्या गोळा करून बांधत होती. मी गल्ली ओलांडून गेले.

"अगं, हा रानटी," मी म्हटलं. "याला निजवावं लागत नाही. बर्फात उभा राहील तो."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

तिने गाठ मारली, सुतळीचं टोक लांब ठेवलं. वारा उत्तरेचा होता. वर आभाळ रिकामं होतं. हंस केव्हाच गेले होते.

"एव्हिस," ती म्हणाली, "तू डोकं धर. पाय मी मोकळे करते."

मी धरलं.